खड्डा दोनदा वाजतो

"काही नाई काका, खड्डा होता," शिवम म्हणाला, आणि फोन बंद झाला.

पुंजाजी इंगळे फोन तसाच कानाला लावून बसून राहिला. दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर, सरकीच्या ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, गोदामावर, ट्रान्सपोर्ट कंपनीची ही खोली. खालून ढेपेचा तेलकट वास दिवसभर वर येत असतो, तो आताही येत होता. समोरच्या पडद्यावर कंपनीच्या एकोणीस गाड्यांचे एकोणीस हिरवे ठिपके होते, आणि त्यातला अकरा नंबरचा, म्हणजे शिवमचा, मलकापूरच्या दिशेने सरकत होता. सगळं नेहमीसारखं होतं. फक्त पुंजाजीच्या कानात तो आवाज राहून गेला होता. धप्प. मऊ, भरीव, आणि एकदाच. खड्डा कधी एकदाच वाजत नाही. पुढचं चाक जातं तेव्हा वाजतो, मागची चाकं जातात तेव्हा पुन्हा वाजतो, आणि गाडी भरलेली असली तर मधल्या वेळात खालचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरतात. एकतीस वर्षं पुंजाजीने हेच ऐकलं होतं. डोळ्याने दगा दिला म्हणून त्याची गाडी सुटली, पण कानांनी अजून दगा दिलेला नव्हता. हा आवाज खालून आला नव्हता. बाजूने आला होता.

डाव्या डोळ्यावर साखरेच्या आजाराने पडदा आणला, जड वाहनाचं लायसन्स पुढे मिळालं नाही, तेव्हा मालकाने त्याला या खुर्चीत आणून बसवलं. त्याला आता तीन वर्षं झाली. काम बसून बघायचं. प्रत्येक गाडीच्या काचेला आतून मुठीएवढं यंत्र चिकटवलेलं आहे, त्याला दोन डोळे आहेत, एक रस्त्याकडे आणि एक ड्रायव्हरच्या तोंडाकडे. ड्रायव्हर लोक त्याला सासू म्हणतात. जांभई दिली की सासू बोंबलते, बिडी पेटवली की बोंबलते, फोन कानाला लावला की बोंबलते, आणि वर इथे पडद्यावर फोटोसकट एक लाल चौकट धाडून देते. चौकट आली की दोन मिनिटांत तिचा निकाल लावायचा, नाहीतर ती आपोआप मोठ्या ऑफिसला जाते. मोबाईलच्या तीन चौकटी मोठ्या ऑफिसला दिसल्या की ड्रायव्हर घरी. शिवमच्या या महिन्यात दोन झाल्या होत्या. तीन वाजून दहा मिनिटांनी तिसरी आली. 'मोबाईल कानाला' ही वरची ओळ पुंजाजीने वाचली आणि त्याचा हात फोनकडे गेला. निकाल लावायचा म्हणजे ड्रायव्हरशी बोलायचं आणि 'समज दिली' असं लिहून चौकट मिटवायची. बोलण्याची सोय त्या यंत्रातच होती, पण ती पावसाळ्यापासून बंद पडलेली. तेव्हापासून जो तो आपल्या खिशातल्या फोनवरूनच लावत होता. पुंजाजीनेही लावला. "फोन ठेव बे खाली! ठेव फोन! तिसरी हाये तुही," असं तो जीव तोडून सांगत होता, आणि शिवम "हाव काका, हाव" म्हणत होता, आणि तेवढ्यात तो आवाज आला. चालत्या गाडीतल्या माणसाला फोन करून फोन ठेव म्हणून सांगायचं, यात काही वेडेपणा आहे हे आजवर या खोलीत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. चालत्या गाडीला फोन करू नये, असा छापील कागद भिंतीवर पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. त्याच्याखाली तिघांच्या सह्या होत्या. सगळ्यात वळणदार सही पुंजाजीची होती.

ठिपका पुढे सरकला. वडनेर यायचं होतं. पुंजाजीचा अंगठा आपोआप शिवमच्या नावावर गेला. लावावा, विचारावं, बाबा रे, खरं सांग, काय लागलं? गाडी बाजूला घे, उतर, मागे जाऊन बघ. अंगठा तिथेच थांबला. हे सांगायचं तर पुन्हा फोनच करावा लागणार होता. तो पुन्हा एक हात स्टेअरिंगवरून काढणार, पुन्हा मान खाली घालणार. आणि सांगायचं नाही तर गाडी अशीच पुढे जाणार, मागे जे काही पडलंय ते तिथेच पडून राहणार. पुंजाजीने फोन टेबलावर उपडा ठेवला. मग उताणा केला. मग पुन्हा उपडा. आपल्या हाताचा त्याला राग आला. हा हात कित्येक किलोमीटर लांबच्या माणसाच्या मानेपर्यंत पोचतो, ती मान खाली वाकवू शकतो, आणि सरळ मात्र करू शकत नाही. त्याने शर्टाच्या खिशातली पत्र्याची चपटी डबी काढली, एक लवंग तोंडात टाकली. तंबाखू सुटल्यापासून लवंगेवरच भागत होतं. लवंग तिखट लागली आणि डोळ्यांत पाणी आलं.

क्लिप मागवता आली असती. यंत्राच्या पोटात दोन दिवसांचं सगळं साठलेलं असतं, इथून बटण दाबलं की हवं ते एक मिनिट ते पाठवून देतं. पण बटण दाबणाऱ्याचं नाव लागतं. आणि नाही दाबलं तर दोन दिवसांनी नवं जुन्यावर चढतं आणि ते मिनिट कुठेच राहत नाही. सासूलाही विसर पडतो. बटणाकडे बघत पुंजाजी बसला. बाहेरून एक मालगाडी जायला लागली, खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, आणि त्याला वाटलं, ही संपेपर्यंत काही ठरवायला नको. डबे मोजायची लहानपणची सवय होती. आज मोजता येईना.

चालत्या गाडीत फोन त्यानेही घेतला होता की! आयुष्यभर घेतला होता. मोबाईल नवे नवे आले तेव्हा अख्ख्या गोदामात पहिला त्याच्याकडे होता, आणि त्याची केवढी ऐट होती. एक दुपार त्याला अजून जशीच्या तशी दिसते. बुलढाण्याहून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घेऊन तो बोथ्याचा घाट उतरत होता. सागाची पानं झडलेली, ऊन थेट रस्त्यावर. फोन वाजला, त्याने तो कान आणि खांद्यात धरला, आणि पलीकडून भिमाबाई, त्याची बायको, रडते की हसते ते कळेना. "समता पास झाली हो! धाव्वीत पास झाली! मास्तर सोता घरी आले सांगाले!" तो ओरडला, हसला, 'जयभीम' म्हणाला, कुणाला ते त्यालाही कळलं नाही, आणि डोळे भरून आले, आणि समोरच्या वळणावर अंगावर एस.टी. होती. एस.टी.च्या ड्रायव्हरचं तोंड त्याने बघितलं. उघडं तोंड, वरच्या ओळीतला एक दात नाही. दोन्ही गाड्या एकमेकींच्या अंगाला वारा घालून निघून गेल्या. काही झालं नाही. पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट त्याने धाब्याधाब्यावर सांगितली, लेक पास झाली अन् बापही पास झाला, असं म्हणून लोकांना हसवलं. लोक हसायचे, चहा पाजायचे. काही झालं नाही, यात त्याला आपलंच कसब वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा त्याला वाटलं की त्यात आपलं काहीच नव्हतं. त्या दात पडलेल्या माणसाने गाडी कडेला दाबली असेल. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर असतील.

आणि शिवमला तर त्यानेच तयार केला. सोनाळ्याचा कास्तकाराचा पोरगा, ट्रॅक्टर हाणून हाणून हात बसलेला, पाच वर्षांपूर्वी कंपनीत आला तेव्हा चोवीसचा होता. दोन महिने पुंजाजीच्या शेजारी बसून त्याने हमरस्ता शिकून घेतला. पुंजाजीने काय काय शिकवलं? उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. गुरं दिसली की हॉर्न नाही, ब्रेक. आणि ऑफिसचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा. "नाई उचलला त मालकाले वाटते गडी झोपला, नाई त डिझेल इकून राह्यला. पह्यल्या रिंगीले उचलायचा, समजलं?" शिवम मान हलवायचा. पाच वर्षांत त्याने दुसरी रिंग होऊ दिली नाही. कामाचा पोरगा म्हणून सगळे त्याचं उदाहरण द्यायचे, आणि पुंजाजीची छाती फुगायची.

मालगाडी संपली. पुंजाजीने बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं.

दार ढकलून हर्षल आत आला. हर्षल म्हणजे ऑफिसचा मॅनेजर, वय सव्वीस, अकोल्याला शिकून आलेला. पोरगा वाईट नाही, पण घाईत असतो. त्याच्या पडद्यावरही क्लिपची मागणी उमटली होती.

"अकराची क्लिप काऊन मागवली काका?"

"धक्का बसल्यावानी वाटलं."

"सेन्सर त काही दाखवून नाई राह्यलं. तुमाले इथी बसून कसं वाटलं?"

 तोंडातली लवंग पुंजाजीने एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"मोबाईलची तिसरी हाये न त्याची?" हर्षल पडद्यावर वाकला. लाल चौकटीची दोन मिनिटं कधीच संपली होती, ती वर निघून गेली होती. "गेली वरतं. जाऊ द्या. तुमी लय पाठीशी घालता त्याले. अन् काही लागलं-बिगलं असंल तरी आपल्याले टेन्शन नाई. मोबाईल कानाले हाये, फोटो हाये आपल्यापाशी. ड्रायव्हरवर जाते सगळं. कंपनीले काही नाई, तुमाले काही नाई."

"हाव," पुंजाजी म्हणाला.

हर्षल खाली गोदामात निघून गेला. जिन्यावरून त्याचे बूट वाजत गेले. तुम्हाला काही नाही. हे ऐकून बरं वाटलं होतं. क्षणभर का होईना, खांदे खाली आले होते, आणि ते पुंजाजीला कळलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, घरी पोरीने भिंतीवर लावलेल्या तसबिरीला रोज सकाळी हात जोडून निघणारा, आणि इथे एका सव्वीस वर्षांच्या पोराने सुटका दिली तर लगेच घ्यायला तयार. पण खुर्ची गेली तर काय? घरी बसायचं. भिमाबाई काही म्हणणार नाही, शेजारच्या बायकांना सांगेल की आता आराम करतात. त्याला तो आराम नको होता. इथे निदान ठिपके होते. ठिपका बोदवडच्या फाट्यावर असला की त्याला तिथला चहाही आठवायचा, चिखलीजवळ असला की चढावर बदललेला गिअर हाताला जाणवायचा. गाडी सुटली होती, आता हेही सुटणार. आणि जर माणूस गेला असेल, तर पोलीस येतील, ते वेगळंच.

अकरा नंबरचा ठिपका थांबला.

पुंजाजी पुढे झुकला, चांगला डोळा पडद्याजवळ नेला. वडनेरच्या पुढे चार किलोमीटर. वेग शून्य. मग बाजूला अक्षरं आली, इंजिन बंद. आता लावता येत होता. त्याने घाईघाईने फोन उचलला, लावला. रिंग गेली. दुसरी गेली. तिसरी, चौथी. पाच वर्षांत पहिल्यांदा शिवमचा फोन वाजत राहिला आणि बाईच्या आवाजात उत्तर आलं की समोरची व्यक्ती फोन उचलत नाही. पुंजाजीने पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. पळाला? पोरगा गाडी टाकून पळाला? रस्त्यावरचे लोक ड्रायव्हरला काय करतात ते पुंजाजीने बघितलं होतं. काचा फुटलेल्या, माणूस चाकामागे लपलेला.  तेवढ्यात पडद्यावरचं चक्र थांबलं. क्लिप आली होती.

क्लिपला आवाज नसतो. पडद्याचे दोन भाग, डावीकडे रस्ता, उजवीकडे शिवम. उजवीकडे शिवम गाडी हाकत होता, उजवा हात स्टेअरिंगवर, आणि डावा हात गालावर. हातात फोन नव्हता. फोन डॅशबोर्डवरच्या खोबणीत होता, काळा, बंद. डाव्या हाताची दोन बोटं गालावर दाबलेली, तोंड वाकडं झालेलं, आणि डोळे, पुंजाजीने बघितले, डोळे समोर रस्त्यावर. त्याला एकदम सकाळ आठवली. खाली ढेप भरत होती आणि शिवम जिन्याशी येऊन म्हणाला होता, "काका, दाढ लय ठणकून राह्यली. रातभर झोप नाई." पुंजाजीने खिशातली डबी काढून त्याच्या तळहातावर चार लवंगा ठेवल्या होत्या. "दाढेत धर अन् वरून दाबून ठेव. मलकापूरपर्यंत थांबते." तो दाबून धरत होता. त्याला सांगितलं होतं तसंच. सासूला गालावरचा हात दिसला आणि तिने तो फोन म्हणून धरला, ती बिचारी यंत्र. पण पुंजाजी? फोटो तर चौकटीतच होता. त्याने वरची ओळ वाचली होती आणि फोटो बघितलाच नव्हता.

क्लिप चालू होती. खोबणीतला फोन उजळला. शिवमने खाली बघितलं. गालावरचा हात सुटला, फोनवर गेला, फोन कानाला लागला. पहिलीच रिंग असणार. आणि फोन कानाला लावताच तो सीटवर जरा सरळ होऊन बसला. वडीलधारं माणूस समोर आलं की पोरं बसतात तसा. मान थोडी खाली, ओठ हलले, हाव काका. डाव्या भागात रस्त्याची पांढरी कड हळूहळू गाडीच्या आत यायला लागली. कडेने एक बाई चालली होती, डोक्यावर हिरव्या गवताचा भारा, पाठमोरी, लुगड्याचा काठ लाल. पांढरी कड आणखी आत आली. मग पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात नुसतं हिरवं दिसलं, आणि मग काही नाही. रस्ता. शिवमने झटक्याने गाडी आत घेतली, आरशाकडे बघितलं. आरसा उलटा वळलेला असणार, कारण तो पुन्हा पुन्हा बघत होता. त्याच्या तोंडाचा रंग गेला होता. ओठ हलले. काही नाई काका, खड्डा होता. तो स्वतःलाच सांगत होता, आणि काकालाही काळजी नको म्हणून सांगत होता. क्लिप संपली.

पुंजाजीने ती पुन्हा लावली नाही. त्याला रडू येत होतं आणि ते येऊ द्यायला वेळ नव्हता. त्याने वर गेलेली चौकट उघडली. तिच्याखाली कारण निवडायचं असतं, चार कारणं दिलेली असतात: मोबाईल, झोप, धूम्रपान, इतर. ऑफिसने फोन केला, असं कारण त्यात कुणी ठेवलेलं नव्हतं. त्याने इतर निवडलं आणि उजव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहायला घेतलं. ड्रायव्हरच्या हातात मोबाईल नव्हता. दाढ दुखत होती. चालत्या गाडीला फोन मी केला. बोलताना गाडी कडेला गेली व बाईस लागली. लवंग मी दिली होती, हेही त्याने लिहिलं, मग ते कुणाला समजणार नाही म्हणून खोडलं. खाली पूर्ण नाव लिहिलं, पुंजाजी सखाराम इंगळे, आणि पाठवायचं बटण दाबलं. मग खुर्ची मागे सरकवून तो जिना उतरला. गुडघा दुखत होता, तरी दोन दोन पायऱ्या उतरला.

स्कूटी त्याची गावातल्या गावात चालायची. हमरस्त्यावर तो तीन वर्षांत आला नव्हता. डावीकडच्या फाट्यावरून ट्रक आला की त्याला तो उशिरा दिसत होता, आधी ऐकू येत होता. सोयाबीन निघालेली शेतं उघडी पडली होती, कपाशी मात्र उभी होती, कुठे कुठे बोंडं फुटलेली. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कडेने चालणाऱ्या माणसांकडे बघत होता. किती माणसं कडेने चालतात! सायकल हातात धरून, शेळ्या घेऊन, डब्याची पिशवी घेऊन. ट्रकच्या उंच सीटवरून ही माणसं नुसती बाजूला सरकायची. आज ती त्याच्या खांद्याइतकी होती, त्यांची तोंडं दिसत होती. लाल काठ दिसला की त्याची स्कूटी हळू होत होती.

खिशातला फोन थरथरायला लागला. छातीवर, लवंगेच्या डबीला लागून, घर्र घर्र. डावा हात हँडलवरून सुटलाच. सुटला आणि खिशापर्यंत गेला, एवढं सगळं होऊनसुद्धा. शेजारून हॉर्न मारत एक टँकर गेला. पुंजाजीने हात परत हँडलवर आणला आणि मुठी आवळल्या. फोन वाजत होता. ती बाई मेल्याची खबर असेल, ती जिवंत असल्याची असेल, काहीही असेल, वाजू दे. त्याने कडेला जागा बघितली, मागे बघितलं, स्कूटी खाली घेतली, बंद केली, स्टँडवर लावली. एका निंबाखाली उभं राहून त्याने फोन काढला तेव्हा तो वाजायचा थांबला होता. नंबर अनोळखी होता. त्याने उलट लावला. एकाच रिंगमध्ये उचलला गेला.

"काका? म्या शिवम. दुसऱ्याचा फोन हाये. माह्या गाडीतच राह्यला."

"कुठी हाएस?"

"तिच्यापाशीच हाओ. एकाच्या मोटरसायकलवर मांगं आलो." तो धापा टाकत होता. "बाई बसेल हाये, काका. बोलून राह्यली. आरसा भाऱ्याले लागला म्हणून वाचली, पडली त हात मोडला वाटते. रुखमाबाई नाव हाये. एकशे आठ गाडी येऊन राह्यली." मग तो थांबला, आणि लहान पोरासारखा हुंदका आला. "मले आधी उतरणंच होईना काका. म्या खड्डा म्हणलं."

"मी तुले इचारलं नाई बापा. तू परत आला न."

"लोकं लय बोलून राह्यले. पोलीस पाटील हायेत इथी, ते इचारते का ध्यान कुठी होतं तुहं." त्याने आवाज खाली आणला. "म्या दाढेचं सांगतलं फक्त. कोनाचा फोन होता ते नाई सांगतलं. तुमचं नाव नाई घेतलं म्या, काका. नाई घेणार."

निंबाखाली सावली थोडीच होती. पुंजाजीने उन्हासाठी डोळ्यांवर धरलेला हात काढला.

"घे," तो म्हणाला.

"काका—"

"घे बे. पुरं नाव घे. अन् पाटलाले सांग, तो सोताच येऊन राह्यला म्हणून."

पलीकडे कुणीतरी बाई कण्हली, कुणीतरी पाणी आणा म्हणालं. पुंजाजीने फोन बंद केला. खिशात ठेवायला हात वर नेला, आणि मग सीट उचलून त्याने तो डिकीत टाकला आणि डिकीला कुलूप लावलं. तो निघाला. थोडं अंतर गेल्यावर सीटखाली तो पुन्हा वाजायला लागला. हर्षल असेल, मोठ्या ऑफिसने त्याला विचारलं असेल. वाजून वाजून तो बंद झाला, आणि परत वाजायला लागला. पुंजाजी दोन्ही हात हँडलवर ठेवून, कडेच्या माणसांना जागा सोडत, वडनेरकडे जात राहिला.